घरच्या मैदानावर फायनल: फायदा की ओझं?

रॉसआमलेट | १३ एप्रिल २०२५, सकाळी ८:१०

काल रात्रीची आयएसएलची (इंडियन सुपर लीग, आपली फुटबॉल लीग) फायनल, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवरची, कोणी कोणी बघितली? मोहन बागान २, बेंगळुरू १, तेही एक्स्ट्रा टाइममध्ये. मॅक्लारेनचा ९६व्या मिनिटाचा गोल झाला, मॅच संपली आणि मी टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बागानशी माझं काही देणंघेणं नाही, मी पक्का एफसी गोवावाला, आणि सेमीफायनलला ह्याच बेंगळुरूने आम्हाला बाहेर काढलं होतं (छेत्रीचं ते शेवटच्या क्षणाचं हेडर, जाऊ दे). म्हणजे खरं तर काल मला बरं वाटायला हवं होतं. पण डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली, आयएसएलमध्ये घरच्या मैदानावर फायनल जिंकणारी ही पहिली टीम. त्याआधी चार वेळा घरची टीम फायनलला होती आणि चारही वेळा हरली. २०१५ला आम्ही फातोर्ड्यात (आमचं मडगावचं स्टेडियम), २०१६ला केरळा ब्लास्टर्स कोचीत, २०१८ला बेंगळुरू कंठीरवावर, आणि गेल्या वर्षी हेच बागान ह्याच सॉल्ट लेकवर.

२० डिसेंबर २०१५ला मी बाबांबरोबर फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये होतो. समोर चेन्नईयन, त्यांचा कोच मातेराझी, आमचा झिको. ५४व्या मिनिटाला पेलिसारीचा गोल, चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी केली. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्रीकिक मारली आणि २-१! पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी माणसाने बाबांना अक्षरशः उचललं. बाबांनी खाली उतरल्या उतरल्या खिशातून फोन काढला, आईला लावला, "जिंकलो गे" सांगायला. रिंग वाजत होती. आईने फोन उचलेपर्यंत २-२ झालं होतं, आमचा गोलकीपर कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल. बाबा एक शब्द न बोलता फोन कानाला लावून उभे, पलीकडून आई "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का" करतेय, आणि तेवढ्यात मेंडोझाचा तिसरा. ३-२. खलास.

तर प्रश्न असा की फायनल आपल्या घरी असणं चांगलं का वाईट? गेली दोन वर्षं फायनल लीगमध्ये वर असलेल्या टीमच्या मैदानावर होतेय, ते बरोबर आहे का? की आपलं तटस्थ मैदानच बरं? अनुभव लिहा, नुसती आकडेवारी नको.

अंधेरीफास्ट | ८:४२

पहिला नंबर माझा. गेल्या वर्षीची ४ मेची फायनल आमची, म्हणजे मुंबई सिटीची, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. जरा आठवा, १५ एप्रिलला ह्याच सॉल्ट लेकवर बागानने आम्हाला २-१ हरवून शील्ड (लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमची ट्रॉफी) नेली होती, बरोबरी केली असती तरी शील्ड आमची होती. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच मैदान, तीच टीम, साठ हजार माणसं. ४४व्या मिनिटाला कमिंग्जने गोल केला तेव्हा मला वाटलं झालं, संपलं. मग डियाझ, मग बिपिन, मग इंज्युरी टाइमच्या सातव्या मिनिटाला वोयतुस. ३-१.

बिपिनच्या गोलनंतर टीव्हीवर जो सन्नाटा ऐकू आला ना तो मी विसरणार नाही. साठ हजार माणसं गप्प बसली की पाहुण्या टीमला तोच टाळ्यांचा कडकडाट वाटतो. माझं मत, घरची फायनल पाहुण्यांनाच लाभते.

रॉसआमलेट | ८:५०

अंधेरीफास्ट, अभिनंदन, पण २०१५च्याच सीझनला फातोर्ड्यात आम्ही तुम्हाला ७-० हरवलं होतं तेही लिही की :)

अंधेरीफास्ट | ८:५३

लिहितो. त्याच्या शेजारी गेल्या वर्षीची फातोर्ड्याची सेमीफायनल पण लिहू का, ९०व्या मिनिटापर्यंत तुम्ही २-०, शेवटी आम्ही ३-२?

रॉसआमलेट | ८:५४

नको. फिटंफाट.

बालेवाडी११ | ९:३१

धागाकर्त्याच्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली ती मी सांगतो कारण मी तिथे होतो. २०१५च्या त्या चेन्नईयनला त्या महिन्यात घरच नव्हतं. चेन्नईत पूर आला होता, त्यामुळे त्यांची घरची सेमीफायनल पुण्यात बालेवाडीला खेळवली, १२ डिसेंबरला, कोलकात्याविरुद्ध. आम्ही चार मित्र बाइकवर गेलो होतो. निम्म्या लोकांना दोन्ही टीममधल्या कोणाशी काही नातं नव्हतं, फुटबॉल बघायला मिळतंय म्हणून आलेले. पण पुराच्या बातम्या रोज टीव्हीवर बघत होतो त्यामुळे आपोआप सगळे चेन्नईच्या बाजूने ओरडायला लागले. माझ्या शेजारचे आजोबा प्रत्येक पासला "शाब्बास चेन्नई" म्हणत होते. ३-० जिंकले ते.

म्हणजे बघा, ज्यांना स्वतःचं मैदान नव्हतं ते दुसऱ्याच्या घरी जाऊन जिंकले आणि आठ दिवसांनी गोव्याच्या घरीही जिंकले. त्यांना गमावायला काही उरलंच नव्हतं असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

अबोली | १०:०५

बालेवाडी११, आजोबांचं वाचून छान वाटलं.

मी फुटबॉलमधली जाणकार नाही पण फातोर्ड्याला माहेर असल्यामुळे त्या दिवशी काय चाललं होतं ते पाहिलंय. सकाळपासून घरी फोन, "तुमच्या ओळखीचं कोणी आहे का, दोन पास मिळतील का". माझ्या भावाचा मित्र टीमच्या आसपास काही कामाला होता, त्या बिचाऱ्याने दुपारी फोनच बंद करून ठेवला. हे आमच्यासारख्या लांबच्यांचं, तर खेळाडूंचं काय झालं असेल? त्यातले गोव्याचे जे पोरगे होते त्यांच्या घरी तर चुलत, मामे, शाळेचे सर, सगळे.

लग्नघरात कसं असतं, घरच्यांना जेवायला बसायला मिळत नाही. पाहुणा येतो, हात धुतो, पानावर बसतो. चेन्नईवाले पाहुणे होते हो.

म्युनिकवारी | ११:२०

अबोलीताई, लग्नघराचं उदाहरण म्युनिकला शंभर टक्के लागू पडतं. मी २००९पासून इथे आहे. २०१२ची चॅम्पियन्स लीग फायनल आमच्या आलियान्झ अरेनात होती आणि इथलाच क्लब बायर्न फायनलला पोचला, तेव्हा गावात सगळीकडे एकच शब्द, 'फिनाले दाहोम'. दाहोम म्हणजे इथल्या बोलीत 'घरी'. बेकरीच्या काचेवर, ट्रॅममध्ये, ऑफिसच्या कॉफी मशीनवर. माझ्या शेजारच्या म्हातारीने, जिला ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नाही, बाल्कनीत लाल झेंडा लावला होता.

आणि घर कसलं घर? फायनलच्या दिवशी स्टेडियमवरचं नावसुद्धा झाकलेलं, कारण स्पॉन्सरचं नाव युएफाला (युरोपच्या फुटबॉल संघटनेला) चालत नाही. दोन्ही क्लबांना तिकिटं सारखीच. दरवेळी जिथे आपलेच लोक बसतात तिथे चेल्सीचे निळे शर्ट. मी तिकिटाशिवायच्या हजारो लोकांत बाहेर मोठ्या पडद्यासमोर. १९ मे.

बायर्नला २० कॉर्नर मिळाले, चेल्सीला एक. म्युलरने ८३व्या मिनिटाला गोल केला, लोक रडायला लागले आनंदाने. ८८व्या मिनिटाला चेल्सीचा तो एकमेव कॉर्नर, आणि द्रोग्बाचं डोकं. एक्स्ट्रा टाइममध्ये रॉबेनची पेनल्टी चेल्सीचा गोलकीपर चेकने धरली. शूटआउटला आधी बायर्न पुढे होतं, मग ओलिचची अडवली, श्वाइनस्टायगरची पोस्टला लागली, आणि शेवटची पुन्हा द्रोग्बा. ४-३. परत येताना मेट्रोत इतकी गर्दी आणि कोणीच बोलत नाही असं मी भारतात किंवा इथे कधी अनुभवलं नाही. एक बाप झोपलेल्या पोराच्या गालावरचा लाल रंग रुमालाने हळूहळू पुसत होता.

पुढच्या वर्षी वेम्बलीला, म्हणजे परक्या घरी, डॉर्टमुंडला हरवून जिंकले. रॉबेननेच गोल मारला, ८९व्या मिनिटाला.

नियमावली | ११:४८

आकडे नको म्हटलंय तरी देतो, कारण नाहीतर सगळे शापबिप म्हणायला लागतील. युरोपियन कप किंवा चॅम्पियन्स लीगची फायनल स्वतःच्या मैदानावर खेळलेले क्लब चार. रेआल माद्रिद १९५७ जिंकले, इंटर १९६५ जिंकले, रोमा १९८४ लिव्हरपूलकडून पेनल्टीवर हरले, बायर्न २०१२चं वर आलंच. दोन-दोन.

देशांचं बघाल तर वर्ल्डकप फायनलला यजमान देश सात वेळा खेळला, सहा वेळा जिंकला. १९३०, ३४, ६६, ७४, ७८, ९८. हरला एकटा स्वीडन, १९५८, समोर १७ वर्षांचा पेले होता. तेव्हा 'पाहुण्याला लाभते' हे अंधेरीफास्टचं विधान मला अजिबात मान्य नाही. आयएसएलचे पाच सामने म्हणजे पाच वेळा नाणं उडवणं.

डावाबॅक | १२:१५

आणि १९५० ब्राझील? माराकाना? ते विसरलात की काय.

नियमावली | १२:२२

विसरलो नाही. १९५०ला फायनल नव्हतीच. शेवटच्या चार टीमचा गट होता आणि योगायोगाने शेवटची मॅच निर्णायक ठरली. ब्राझीलला बरोबरीही पुरणार होती. उरुग्वे २-१ जिंकलं ते खरं.

डावाबॅक | १२:४०

कागदावर नसेल फायनल. पण ७९व्या मिनिटाला उरुग्वेच्या घिजियाने जवळच्या पोस्टमधून ज्याच्यावर गोल घातला तो ब्राझीलचा गोलकीपर बार्बोसा २००० साली वारला तोपर्यंत लोक त्याला तोच गोल विचारत होते. पन्नास वर्षं. दुसऱ्या देशात हरला असता तर विसरले असते. घरी हरलं की ज्यांच्यासमोर हरलो त्यांच्यातच जन्म काढावा लागतो, भाजी आणायला गेलं तरी तेच लोक.

म्हणून मला कट्टीमणीबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की राग येतो. त्याच मॅचमध्ये त्याने पेनल्टी अडवलेली. गोव्याचा पोरगा, गोव्यात, ९०व्या मिनिटाला. विचार करा जरा.

रॉसआमलेट | १२:४४

डावाबॅक, मनापासून धन्यवाद ह्या प्रतिसादासाठी. बाबा पण हेच म्हणतात.

फ्लोरिडाकर | दुपारी १:३०

इथे रात्र आहे पण राहवत नाही. आमच्याकडच्या फुटबॉलचं चालेल का? हाताने खेळतात ते :)

पेठकर | १:३४

हातानं खेळत्यात त्याला फुटबॉल कशाला म्हणायचं ओ

फ्लोरिडाकर | २:०२

पेठकर, तो वाद दुसऱ्या धाग्यावर घेऊ, मी हरणार हे माहीत आहे.

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, कुठे होणार हे चार-पाच वर्षं आधी ठरतं, तेव्हा कोण फायनलला येईल काही माहीत नसतं. त्यामुळे पहिल्या ५४ सुपर बोलमध्ये एकदाही कुठली टीम स्वतःच्या स्टेडियमवर खेळली नव्हती. ५५वा खरा लॉस एंजेलिसला व्हायचा होता पण तिथलं नवीन स्टेडियम वेळेत होईना, म्हणून टँपाला दिला. आणि नेमकी टँपाचीच टीम पोचली. त्यांचा स्टार खेळाडू टॉम ब्रेडी ४३ वर्षांचा, इथे पहिलंच वर्ष. ७ फेब्रुवारी २०२१, ३१-९ असा एकतर्फी जिंकले. पुढच्या वर्षी तो लांबलेला मान लॉस एंजेलिसला मिळाला तर तिथे तिथलीच टीम रॅम्स पोचली आणि तीही जिंकली, २३-२०. कागदोपत्री त्या दिवशी 'होम टीम' सिनसिनाटीची होती, म्हणजे रॅम्स स्वतःच्या घरात पाहुणे.

पण म्युनिकवारीने लिहिलं ते इथेही झालं. टँपाच्या स्टेडियमवर एक मोठं चाच्यांचं जहाज आहे, टीमने गुण मिळवले की त्यावरच्या तोफा वाजतात. सुपर बोलला तटस्थ मॅच म्हणून गुण मिळवल्यावर तोफा वाजवायला बंदी! कोविडमुळे लोकही पंचवीस हजारांच्या आतच, बाकीच्या खुर्च्यांवर पुठ्ठ्याचे कटआउट. मी घरून बघत होतो, टचडाउन झाला आणि सवयीने कान तोफेकडे लागले, आणि काहीच नाही. माझ्या मुलीने तोंडाने "ढूम" केलं.

अबोली | २:१०

"ढूम"साठी मुलीला माझ्याकडून चॉकलेट.

नियमावली | २:१५

फ्लोरिडाकर, म्हणजे दोन पैकी दोन घरचे जिंकले. नोंद करा अंधेरीफास्ट.

अंधेरीफास्ट | २:१८

पुठ्ठ्याची माणसं दडपण आणत नाहीत ना पण. माझाच मुद्दा सिद्ध झाला.

डावाबॅक | २:५५

तोफेवरून आठवलं म्हणून स्वतःचं लिहितो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन फायनलचं यजमानपद आमच्या कॉलेजकडे आलं आणि आम्हीच फायनलला. आमच्या ग्राउंडवर डाव्या कॉर्नरपाशी एक भुसभुशीत पट्टा होता, तिथे बॉल पडला की उसळत नसे, जागीच बसायचा. मी लेफ्ट बॅक, तीन वर्षं त्या पट्ट्यावर खेळलो, समोरचा विंगर पळत यायचा, बॉल उसळेल म्हणून पुढे जायचा, आणि बॉल मागे माझ्या पायात. अख्खी टीम हसायची.

फायनलच्या आदल्या दिवशी मोठे पाहुणे येणार म्हणून ग्राउंडवर रोलर फिरवला, मुरूम टाकला, पाणी मारलं, चुन्याच्या नव्या रेषा मारल्या. मंडप घातला. दुसऱ्या दिवशी मी त्या पट्ट्यावर सवयीने थांबलो आणि बॉल उसळून माझ्या खांद्यावरून गेला. त्यातूनच गोल. १-० हरलो. आमचंच ग्राउंड आणि आम्हालाच ओळखू येईना. पाहुण्यांना कसलाच फरक नव्हता, त्यांच्यासाठी ते पहिल्यापासून सपाटच.

नियमावली, तुझे आकडे बरोबर असतील, पण लीगच्या मॅचला जे घर असतं ते फायनलला राहत नाही एवढं मी खांद्यावर हात ठेवून सांगू शकतो.

चहाचापेला | ३:०१

वाचतोय. कसले प्रतिसाद आलेत एकेक.

पेठकर | ३:४०

आता आमचं ऐका. कोल्हापुरात हा प्रश्नच येत नाही कारण सगळ्या टीमचं घर एकच, शाहू स्टेडियम. पाटाकडील असू दे, शिवाजी असू दे, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, लीग पण तिथंच, नॉकआउट पण तिथंच, फायनल पण तिथंच. अर्धी गॅलरी मंगळवार पेठ, अर्धी शिवाजी पेठ. दोन्ही घरचे, पाहुणा कुणीच नाही. मग दडपण कुणावर? दोघांवर पण! हरलेल्याला परगावची गाडी पकडून सुटका नाही, चालत पाच-दहा मिनिटांत घरी आणि दारात गल्लीतलं पोरगं विचारणार "दादा, ती सोपी का सोडली".

मी लहानपणी मोठ्या भावाबरोबर जायचो. भाऊ पीटीएमवाला (म्हणजे पाटाकडील) आणि आमचे मामा शिवाजीचे. दोघं एकाच सायकलवरून जायचे, गेटपाशी वेगळे व्हायचे, आणि मॅच संपली की जिंकलेला हरलेल्याची सायकल चालवायचा, म्हणजे हरलेला मागं कॅरेजवर बसून गप येणार. बोलणं दुसऱ्या दिवशी. आमच्याकडनं पुढं गेलेला अनिकेत जाधव १७ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला २०१७ला, तो पण आपल्याच मातीतला.

तर माझं म्हणणं, घरी फायनल पायजेच. ज्यांनी सीझनभर उन्हात बसून मॅच बघितल्या त्यांच्यासमोर कप उचलायचा नाही तर मग कुणासमोर?

हावडाब्रिज | सायंकाळी ५:१०

उशीर झाला, काल स्टेडियममधून घरी पोचायलाच दीड वाजला आणि सकाळी उठवेना. मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं कोलकात्यात आहे, काल आणि गेल्या वर्षी दोन्ही फायनलना तिथे होतो, बागानच्याच गॅलरीत, मेसमधल्या बंगाली मित्रांबरोबर.

अंधेरीफास्टने लिहिलेला तो सन्नाटा मी आतून ऐकलाय. गेल्या वर्षी मॅचच्या आधीच लोक जिंकल्यासारखे होते. शील्ड आलेली, आता कप म्हणजे औपचारिकता. काल तसं नव्हतं. काल ४९व्या मिनिटाला अल्बर्टोचा स्वयंगोल झाला, घरचीच टीम ०-१ मागे, आणि माझ्या मनात पहिला विचार आला, झालं, परत तेच. पण लोक गप्प झाले नाहीत. माझ्या पुढचा साठीचा एक माणूस सरळ उठून उभा राहिला आणि पाठ मैदानाकडे करून आमच्याकडे तोंड करून ओरडायला लागला, "चेंचाओ, चेंचाओ", म्हणजे ओरडा. त्याने पुढची दहा मिनिटं मॅच बघितलीच नाही, फक्त आम्हाला ओरडायला लावत होता. ७२व्या मिनिटाला कमिंग्जची पेनल्टी, तेव्हाही तो आमच्याकडेच बघत होता, आमच्या तोंडावरून त्याला कळलं गोल झाला.

अजून एक. बागानचा कोच मोलिना. २०१६ला कोचीत केरळाला त्यांच्या घरी पेनल्टीवर हरवलं त्या कोलकात्याच्या टीमचा कोच हाच होता. घरच्या गर्दीला गप्प कसं करतात ते त्याने स्वतः केलेलं. काल त्याच्याच बाजूला गर्दी होती.

बालेवाडी११ | ५:२५

मोलिनाचं लक्षातच आलं नव्हतं! वा.

नियमावली | ५:४०

हावडाब्रिज, तुमचा प्रतिसाद वाचून मी थोडं मागे येतो. नाणं उडवणं म्हणालो ते आकड्यापुरतं. पण गेल्या वर्षी हरलेले तेच लोक पुन्हा तिथेच येऊन बसले होते, हे नाण्याला नसतं.

म्युनिकवारी | ६:३०

इथले लोक अजून 'दाहोम' म्हटलं की तोंड फिरवतात. पण विचारलं की पुन्हा घरी हवी का फायनल, तर एकही नाही म्हणत नाही.

रॉसआमलेट | रात्री ९:१५

दिवसभर कामात होतो, आत्ता सगळं सलग वाचलं. कॉलेजचं ग्राउंड, जहाजाच्या तोफा, झाकलेलं नाव, अबोलीताईंचं लग्नघर, चौघांनी न ठरवता एकच गोष्ट सांगितली, की फायनलच्या दिवशी घर आपल्या ताब्यात नसतं. मला दहा वर्षं वाटत होतं की आपण आपल्या घरी हरलो. तसं नव्हतं बहुतेक. आणि पुढचं तर अजून वाईट, २०२० ते २०२३ सलग चार फायनल फातोर्ड्यालाच झाल्या आणि एकीतही आम्ही नाही. पहिल्या दोन कोविडमुळे रिकाम्या स्टेडियमवर. घराची चावी आमची, जेवून गेले दुसरे.

पण माझं उत्तर पेठकरांचंच. वर असलेल्या टीमच्या घरी फायनल हवी. हावडाब्रिजचा तो पाठमोरा माणूस तटस्थ मैदानावर कुठून आणणार?

संध्याकाळी चहाला बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. बालेवाडीच्या आजोबांवर खूश झाले. मग मी विचारलं, समजा पुढच्या वर्षी आपण लीगमध्ये वर आलो आणि फायनल फातोर्ड्याला आली, तर याल? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, जिने चढवत नाहीत. म्हणाले, खालच्या स्टँडची दोन तिकिटं काढ. मग थोड्या वेळाने आतून, "दोन नको, तीन काढ. आईला घेऊनच जाऊ, म्हणजे फोन करायला नको."

पेठकर | ९:२२

तीन न्हाई, चार काढा. कोल्हापूरनं रात्रीची गाडी पकडली की सकाळी मडगावात. रॉस आमलेट तुमच्याकडं, तांबडा रस्सा डब्यातनं मी आणतो.